अकोल्याचा मॅट्रिकचा विद्यार्थी आणि वर्तमानपत्राचा धडा

महाराष्ट्र राज्याच्या इयत्ता दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात २०१८ साली ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ या नावाचा एक पाठ आला. शिवाजी महाराज, पानिपत आणि सत्तावनचे बंड यांची ज्यांना सवय, अशा पुष्कळ वडीलधाऱ्यांनी त्या वेळी नाक मुरडले. वर्तमानपत्र ही सकाळी वाचून दुपारी किराणा बांधण्याची वस्तू. ती शाळेत शिकवायची काय, असा त्यांचा सवाल होता. आम्हांला तो पाठ वाचून वेगळेच वाटले. शाळेचे शेवटचे वर्ष आणि वर्तमानपत्र यांची गाठ प्रथम सरकारी पाठ्यपुस्तकात पडली असे समजण्याचे कारण नाही. ती गाठ आमच्या अकोल्यात सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका दरिद्री पोराने स्वतःच्या हाताने मारली होती. त्याची हकीकत येथील शाळांतून क्वचितच सांगितली जाते, म्हणून ती आधी सांगतो.

त्या काळचे अकोले डोळ्यांपुढे आणावे. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले होते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटले, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचा भाव आला. १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपुरास पोचली. तिच्या वाटेवर अकोले. मोर्णेच्या पश्चिम तीराला जुने शहर, राजराजेश्वराचे देऊळ आणि असदगडाचा कोट. पलीकडे ताजनापेठ, कचेऱ्या आणि स्टेशन. गाडी आली तशी टपाल आले, टपालाबरोबर मुंबई-पुण्याची पत्रे आली. अकोल्याने स्वतःचेही पत्र काढले, ते ‘वऱ्हाड समाचार’. कापसाचा भाव, कचेरीतल्या बदल्या, पाऊसपाणी आणि मधूनमधून चार शब्द लोकहिताचे, अशी त्या काळच्या मुफसल पत्रांची चाल असे.

या गावी शिकायला आला गोपाळ गणेश आगरकर. जन्म १४ जुलै १८५६, कऱ्हाडजवळचे टेंभू. घरी अन्नाची भ्रांत. कऱ्हाडास मुन्सफाच्या कचेरीत उमेदवारी करून झाली, शिक्षणासाठी रत्नागिरीपर्यंत पायपीट करून झाली, आणि अखेर नातलगांच्या आश्रयाने हा मुलगा वऱ्हाडात पोचला. अकोल्याच्या शाळेत विष्णु मोरेश्वर महाजनी नावाचे विद्वान शिक्षक होते. हेच महाजनी पुढे वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात मोठ्या पदावर गेले आणि १९०७ साली पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांनी या मुलाला हात दिला. १८७५ साली आगरकर मॅट्रिकची परीक्षा उतरले आणि पुण्यास डेक्कन कॉलेजात गेले. अंगावरचा एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालायचा, ही त्यांची कथा सर्वांना पाठ आहे. परंतु अकोल्यात असताना हा मुलगा ‘वऱ्हाड समाचारा’त लिहीत असे, शिक्षणाच्या खर्चाला तेवढाच हातभार लागे, ही गोष्ट सदऱ्याच्या गोष्टीइतकी कोणी सांगत नाही. आमच्या मते ती अधिक महत्त्वाची आहे. सदरा एकच असणारी मुले या देशात लाखो झाली.

ज्या मुलाला वर्तमानपत्रात लिहावे लागते, त्याला वर्ग जे शिकवू शकत नाही ते शिकावे लागते. शाळेतला निबंध मास्तर वाचतो आणि तांबड्या शाईने गुण देतो. वर्तमानपत्रातला मजकूर अडतेवाला वाचतो, वकील वाचतो, ज्याच्याविषयी लिहिले तोही वाचतो. नाव चुकले तर दुसऱ्या दिवशी बाजारात गाठ पडते. लिहिलेल्या शब्दाची जबाबदारी म्हणजे काय हे सतरा-अठराव्या वर्षी कळणे ही मोठी शिदोरी होय. तशी आपल्याकडे मास्तर आणि संपादक ही जात एकच. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर पेशाने अध्यापक. १८४० मध्ये त्यांनी ‘दिग्दर्शन’ मासिक काढले ते लोकांना भूगोल-विज्ञान शिकवण्यासाठी. चिपळूणकर, टिळक आणि मंडळींनी १८८० च्या जानेवारीत पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि बरोबर वर्षाने ‘केसरी’ व ‘मराठा’. आगरकर त्यांना मिळाले आणि ‘केसरी’चे पहिले संपादक झाले. तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आत होते. सकाळी शाळेत शिकवायचे आणि रात्री मुद्रिते तपासायची. तरी एक चमत्कार पाहावा. शाळा काढणारे आणि पत्र काढणारे हात तेच असूनही, पत्र कसे वाचावे हा विषय त्यांच्या शाळेच्या वेळापत्रकात गेला नाही. मॅट्रिकच्या परीक्षेत त्याला गुण नव्हते. आणि परीक्षेत नाही ते शाळेत नाही, हा आपला नियम तेव्हाचा आहे.

आणि मग त्यांच्यावरच तो धडा शिकण्याची पाळी आली, तीही तुरुंगात.

कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज वेडे ठरवून नजरकैदेत ठेवले होते. दिवाण माधवराव बर्वे यांच्या कारभाराविषयी महाराष्ट्रात मोठी चीड होती. अशा वेळी काही पत्रे बाहेर आली. ती बर्व्यांची म्हणून दाखविण्यात आली, आणि महाराजांच्या जिवावर उठण्याचा डाव त्यांतून दिसत होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी ती प्रसिद्ध केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. मुंबईच्या हायकोर्टात पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली. ती पुरली नाही. जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट जाता डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर रोजी ते सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. तुरुंगातच ‘हॅम्लेट’चे मराठी केले.

या प्रकरणाची मिरवणूक आपल्याकडे पुष्कळ निघते. त्यातली चूक मात्र आम्ही पदराखाली झाकतो. देशातले दोन अत्यंत बुद्धिमान, निःस्वार्थी आणि पदवीधर तरुण कागदाच्या चार चिटोऱ्यांना फसले. का फसले? मूर्ख होते म्हणून नव्हे. पत्रांत जे लिहिले होते ते त्यांना आधीच खरे वाटत होते, म्हणून फसले. महाराजांचा छळ होत आहे अशी त्यांची खात्री होती. आणि खात्री पटलेल्या माणसाला पुरावा दाखवला की तो पुरावा तपासत नाही, तो त्याला मिठी मारतो. बनावट कागद करणाराला शाई आणि अक्षर यांपेक्षा वाचणाराचे मन ठाऊक असावे लागते.

बरे, त्यांची चीड तरी खोटी होती काय? तीही नव्हती. पुढच्याच वर्षी, १८८३ च्या डिसेंबरात, अहमदनगरच्या किल्ल्यात रखवालीवरील ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. पत्रे खोटी होती आणि दुःख खरे होते. हे दोन्ही एकदम मनात धरणे अवघड जाते. एका बाजूचा मनुष्य म्हणतो, दुःख खरे ना, मग पत्राचे काय घेऊन बसलात! दुसऱ्या बाजूचा म्हणतो, पत्र खोटे निघाले ना, मग दुःखही खोटेच. कोर्टाच्या निकालात या दोहोंना वेगळे करण्याची सोय असते. चौकातल्या बोलण्यात नसते.

येथे एक उपकथा सांगितल्यावाचून राहवत नाही. या दोघा ब्राह्मण संपादकांना जामिनाची गरज पडली तेव्हा जोतीराव फुले यांच्या शब्दावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. ज्यांच्या लेखणीने फुल्यांची आणि सत्यशोधकांची हेटाळणी केली, त्या चिपळूणकरांच्या गोटातली ही माणसे. फुल्यांनी ते मनात ठेवले नाही. पत्र चालवणाऱ्याला पकडून नेले की उद्या आपल्यालाही नेतील, हे त्यांना उमजत होते. त्यांच्या बाजूचे पत्र ‘दीनबंधु’. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली ते पुण्यात काढले आणि १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालवले. लोखंडे हे आम्हां कामगार कार्यकर्त्यांचे मूळ पुरुष. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्या मांडल्या: आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि मागच्या महिन्याचा पगार चालू महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. ज्या वर्गाला अक्षर येत नव्हते त्या वर्गाचे पत्र हा माणूस चालवत होता. अशी पत्रे एकाने मोठ्याने वाचायची आणि इतरांनी ऐकायची, असा कामगारवस्तीतला रिवाज. ऐकणारा मध्येच थांबवून ‘हे कोणी सांगितले?’ असे विचारू शकतो, ही या शाळेची खुबी. छापील अक्षराला एकटा वाचणारा मनुष्य तसे विचारायला कचरतो.

सरकारला मात्र विद्यार्थी आणि वर्तमानपत्र यांची जवळीक कधी मानवली नाही. लॉर्ड लिटनने १८७८ साली देशी भाषांतल्या पत्रांचा गळा आवळणारा कायदा केला; इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता, यावरूनच भीती कोणाची हे समजावे. वंगभंगानंतर १९०७ साली हिंदुस्थान सरकारचे सेक्रेटरी रिस्ले यांचे परिपत्रक निघाले, आणि शाळा-कॉलेजातल्या मुलांनी राजकीय सभांपासून दूर राहावे असा हुकूम सुटला. वर्तमानपत्र दप्तरात सापडणे हा गुन्हा मानणारी वृत्ती त्यातून शाळांत मुरली. इंग्रज गेल्यावरही ती लगेच गेली असे नाही.

बाहेरच्या जगात या गोष्टीचा विचार निराळ्या वाटांनी झाला. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाच्या खेड्यातल्या मास्तराने १९२० नंतरच्या दशकात वर्गातच छापखान्याचे छोटे यंत्र आणले आणि मुलांना खिळे जुळवायला लावून त्यांचेच पत्र त्यांच्याकडून काढले. हा मास्तर आम्हांला फार आवडतो. ज्याने स्वतः खिळे जुळवले, त्याला छापील अक्षर आकाशातून पडत नाही हे सांगावे लागत नाही. इंग्लंडात लीव्हिस व टॉमसन यांनी १९३३ मध्ये शाळांसाठी पुस्तक लिहून जाहिराती आणि बाजारू लेखन कसे पारखावे हे सांगितले. त्यात विद्वानाची घमेंड थोडी जास्त होती, जणू सामान्य माणूस जे वाचतो ते सगळे विषच. युनेस्कोच्या वतीने जर्मनीत ग्रुनवाल्ड येथे जमलेल्या प्रतिनिधींनी १९८२ च्या जानेवारीत माध्यमांच्या शिक्षणाचा जाहीरनामा काढला, आणि कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने १९८७ साली हा अभ्यास शाळेच्या भाषा-विषयात सक्तीचा केला.

आपल्याकडे तो उशिरा आला, पण आला. केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीला माध्यमांचा ऐच्छिक विषय आहे. राज्याच्या अकरावीच्या मराठीच्या पुस्तकात २०१९ पासून मुद्रितशोधन, सूत्रसंचालन आणि अनुदिनीलेखन आले. बारावीच्या पुस्तकात २०२० पासून मुलाखत, अहवाल आणि वृत्तलेख आले. दहावीचा तो पाठ तर वर सांगितलाच. त्यात ‘बेंगॉल गॅझेट’पासून आकाशवाणी-दूरदर्शनपर्यंतची कुळकथा आहे, आणि एक इशाराही आहे. जर्मनीच्या ‘स्टर्न’ साप्ताहिकाने हिटलरची रोजनिशी म्हणून जे छापले ते बनावट निघाले, असे तेथे मुलांना सांगितले आहे. ही १९८३ ची गोष्ट. साप्ताहिकाने त्या वह्यांसाठी नव्वद लाखांहून जास्त मार्क मोजले. ट्रेव्हर-रोपर यांच्यासारख्या नामांकित इतिहासकाराने आधी त्या खऱ्या म्हणून मान डोलावली. आणि मग कागद तपासला तेव्हा त्यात महायुद्धानंतर वापरात आलेले रसायन सापडले. कुजाउ नावाच्या माणसाचा तो उद्योग होता.

उदाहरण चांगले आहे. तरी आमची एक तक्रार आहे. दहावीच्या मुलाला हिटलर लांबचा, जर्मनी लांबची. त्याला वाटते की फसणारे लोक ते तिकडचे. कोल्हापूरची १८८२ ची पत्रे त्याच पाठात ठेवली असती आणि ती छापणारे कोण होते हे सांगितले असते, तर तो दचकला असता. आगरकर फसू शकतात तर मीही फसू शकेन, हा विचार मुलाला शहाणा करतो. दुसरे असे की, पाठ शेवटी परीक्षेच्या घाण्याला जुंपला जातो. ‘दर्पण’ कोणी काढले, एका वाक्यात लिहा. मुलगा लिहितो, गुण मिळतात, आणि घरी जाऊन मोबाइलवर आलेला मजकूर तो वीस जणांना पाठवतो. एका ज्ञानाची दुसऱ्याशी ओळख होत नाही. वर्तमानपत्राचा मालक कोण, त्याच्या जाहिराती कोण देतो, संपाची बातमी तिसऱ्या पानावर का आणि मंत्र्याच्या वाढदिवसाची पहिल्यावर का, हे तर कोणी विचारायचेच नाही. आमचे पुष्कळ वर्षांचे निरीक्षण आहे की फाटकावरच्या कामगाराला हे प्रश्न आपोआप सुचतात, कारण आपल्याच मोर्चाची बातमी तो दुसऱ्या दिवशी वाचतो आणि आपण मोजलेली माणसे अर्धी झालेली पाहतो.

दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या. आता आमची सांगणे भाग आहे. पंचवीस एक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात आमची युनियन होती. मॅनेजरने मालकाला लिहिलेले म्हणून एक टाइप केलेले पत्र एका माणसाने आमच्या हाती आणून दिले. त्यात चाळीस कामगारांची नावे होती आणि त्यांना दिवाळीआधी काढून टाकण्याचा बेत होता. मॅनेजरची वृत्ती आम्हांला ठाऊक होती. पत्र वाचताच आम्ही म्हटले, हाच तो! रात्री पत्रक छापले, सकाळी फाटकावर वाचले, आणि काम बंद पडले. तीन दिवस बंद राहिले. चौथ्या दिवशी बोलणी झाली, तेव्हा समोरच्या माणसाने पत्र हातात घेऊन तारखेवर बोट ठेवले. तारीख रविवारची होती. त्या दिवशी कार्यालयाला कुलूप असे. टायपिस्ट येत नसे. पत्र कोणी बनवले हे शेवटपर्यंत कळले नाही. मजुरी देण्याविषयीचा १९३६ चा कायदा तेव्हा लागू होता. नोटिशीवाचून सामुदायिक गैरहजेरी केली तर करारात तसे कलम असल्यास आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापता येई, आणि ती कापली गेली. आमच्या एका पत्रकाने प्रत्येक घरातून आठ दिवसांची भाकर काढून नेली. त्याच छापखान्यात, त्याच आकाराचे दुसरे पत्रक छापून आम्ही चूक कबूल केली आणि तेही फाटकावर वाचले. कोणी शिवी दिली नाही. सफाई खात्यातली एक वयस्क बाई पुढे आली आणि म्हणाली, “भाऊ, छापाच्या आंधी कालनिर्णय तं पाहाचं होतं.” कालनिर्णय आमच्या खुर्चीच्या मागेच टांगलेले होते. ज्या रविवारसाठी लोखंड्यांनी वर्षानुवर्षे झगडा केला, तो रविवार आम्हांला ओळखता आला नव्हता.

तेव्हापासून आम्ही कोणताही कागद हाती आला की आधी तीन गोष्टी पाहतो: वार, तो आणणाऱ्याला कोठून मिळाला, आणि आम्हांला तो इतका का आवडला. तिसरी सर्वांत जड जाते.

आमच्या या जुन्या शहरातही एक रात्र अशी येऊन गेली. १३ मे २०२३, शनिवार. समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दोन जमाव समोरासमोर आले. दगडफेक झाली, वाहने जळाली, एका माणसाचा प्राण गेला, पोलिसांसह कित्येक जखमी झाले. जमावबंदी लागली. ज्या गल्ल्यांतून सणासुदीला दोन्हीकडच्या लोकांची ये-जा चाले, तेथे चिटपाखरू दिसेना. २०१९ साली माध्यमांचा तो पाठ वाचून दहावी झालेला मुलगा त्या रात्री वीस वर्षांचा असेल. ‘दर्पण’ कोणी काढले हे त्याला पाठ होते, आणि त्याच्या खिशात असा छापखाना होता की आगरकरांच्या आठवड्याचे काम त्याने एका क्षणात केले असते. मुद्रिते तपासायला मात्र त्या छापखान्यात कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या ओट्यावर चारपाच पोरे येऊन बसली. रोजी बुडालेली, बाहेर जाता येत नाही, म्हणून मोबाइल पाहत होती. एकाने आम्हांला छायाचित्र दाखवले. रस्त्यावर धावणारी माणसे, हातांत काठ्या, मागे धूर. खाली लिहिलेले, ‘कालचे अकोले’. त्यांपैकी दोघे ते पुढे पाठवण्याच्या बेतात होते. आम्ही काही बोललो नाही. चश्मा शोधत होतो. तेवढ्यात त्यांच्यातला सर्वांत लहान, जो त्या वर्षी दहावीत जाणार होता, त्याने मोबाइल हातात घेतला, बोटांनी चित्र मोठे केले आणि बराच वेळ पाहत राहिला. ओट्याचा दगड इतका तापलेला होता की खाली पोते टाकून बसलो होतो.

“काका,” तो म्हणाला, “मे मयन्यात अकोल्यात सेटर कोन घालते?”